खरी कमाई कोणाची?

शाळकरी मुलांना मिळणारे पुरस्कार हा राजकीय कार्यकर्त्यांना सहसा किरकोळ विषय वाटतो. ऊसदर, बेकारी, पाणीवाटप हे प्रश्न समोर उभे असताना स्काऊटच्या बिल्ल्यांचा विचार कोणी करावा, असे कोणी म्हटले तर त्यात गैर काही नाही. परंतु उंब्रजसारख्या गावात दहावीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या बाजूने पाहिले म्हणजे प्रश्न किरकोळ राहत नाही. भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेचा वरच्या पायरीचा पुरस्कार हाती असेल तर शालान्त परीक्षेत वाढीव गुण मिळतात. राष्ट्रपती पुरस्कार असेल तर पुढे रेल्वेच्या नोकरभरतीत स्काऊट-गाईडांसाठी राखून ठेवलेल्या जागांकरिता अर्ज करता येतो. सेवेच्या शपथेने सुरू झालेली वाट अशा रीतीने गुणपत्रिकेपर्यंत आणि वेतनापर्यंत येऊन पोहोचली आहे. ती तेथवर पोहोचली म्हणजे तिच्यावरून कोण चालू शकतो आणि कोण मागे राहतो, हा अर्थकारणाचा आणि वर्गाचा प्रश्न होतो.

या वाटेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, त्यापुढे राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. शाळा संपवून महाविद्यालयात गेलेल्यांसाठी रोव्हर आणि रेंजर ही शाखा असून तिच्यातही प्रवेश, प्रवीण, निपुण अशा पायऱ्या चढून त्याच दोन पुरस्कारांकडे जाता येते. प्रत्येक पायरीला काही महिन्यांचे काम अपेक्षित असते. गाठी मारणे, प्रथमोपचार, होकायंत्र व नकाशा वाचणे, तंबू उभारणे, उघड्यावर स्वयंपाक करणे, एखाद्या कसबाचा बिल्ला मिळवणे आणि या साऱ्याची नोंदवही ठेवणे, असा हा अभ्यासक्रम आहे. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. तारळी आणि कृष्णा यांच्या संगमावर वसलेल्या, पुणे-बंगळूर महामार्गाने मधोमध चिरलेल्या गावात रक्तस्राव थांबवता येणारी, मोडलेल्या हाडाला फळी बांधता येणारी चार मुले असणे ही चैन नव्हे. कोयनेचा भूकंप १९६७ साली झाला. कृष्णेच्या महापुराने २०१९ साली सांगलीपर्यंत हाहाकार केला, आणि जुलै २०२१ मध्ये शेजारच्या पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. अशा प्रदेशात ‘तयार’ हे ब्रीदवाक्य शोभेचे राहत नाही. समर्थांनी स्थापलेल्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजात आहे. तालमीत घुमणाऱ्या पोरांना त्याने कधी प्रमाणपत्र दिले नाही, हा भाग वेगळा.

अभ्यासक्रमाविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती त्याच्या मोजमापाविषयी. हे मोजमाप कसे बिघडते ते पाहायचे असेल तर ‘खरी कमाई’ या उपक्रमाकडे पाहावे.

खरी कमाई ही कल्पना मूळची सुंदर आहे. मुलाने शेजाऱ्यापाजाऱ्यांचे, गावाचे काही उपयोगी काम करावे, त्याचा रास्त मोबदला घ्यावा आणि श्रमाशिवाय पैसा नसतो हे लहान वयातच अंगी मुरवावे, असा तिचा हेतू. इंग्लंडात १९४९ पासून याच धर्तीवर ‘बॉब अ जॉब’ सप्ताह साजरा होई. एका कामाला एक शिलिंग असा हिशेब असे. १९९२ मध्ये तो बंद झाला. आपल्याकडील शाळांत या कल्पनेला जे रूप आले आहे ते सर्वांच्या परिचयाचे आहे. शाळेच्या पटांगणात एक दिवस खाद्यपदार्थांची दुकाने लागतात. भेळ, वडापाव, ढोकळा, ताक यांची विक्री होते. पाहुणे येतात, फीत कापली जाते, छायाचित्रे निघतात आणि सायंकाळी ‘नफा’ जाहीर होतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही या नफ्यातील गोम कळेल. डाळीचे पीठ, तेल, बटाटे वडिलांनी आणलेले असतात. पहाटे उठून वडे आईने तळलेले असतात. गिऱ्हाईक म्हणजे इतर मुलांचे आईबापच. खर्चाच्या रकान्यात ना कच्चा माल असतो, ना आईचे श्रम. नोंदवहीत मात्र मुलाची ‘खरी कमाई’ लिहिली जाते. घरातील स्त्रीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत ही तक्रार जुनी आहे. त्या श्रमांची चोरी कशी करावी याचे पहिले पाठ मुलांना शाळेतच मिळावेत, हे मात्र नवे.

त्याच शाळेत, त्याच वर्गात, दुसरा एक मुलगा असतो. दिवस उगवण्यापूर्वी तो गोठा झाडतो, म्हशीची धार काढतो, दूध संकलन केंद्रावर पोहोचवतो आणि मग शाळेत येतो. सुट्टीच्या दिवशी आल्याच्या किंवा उसाच्या रानात आईबरोबर भांगलणीला जातो. त्याच वर्गातील मुलगी शाळा सुटल्यावर भुईमुगाच्या शेंगा तोडते, धाकट्या भावंडांना जेवू घालते. या दोघांची कमाई खरी आहे, दररोजची आहे आणि घराच्या चुलीशी थेट जोडलेली आहे. ती नोंदवहीत येत नाही, कारण तिला गणवेश नसतो. पटांगणातील एका दिवसाचे नाटक ‘श्रमप्रतिष्ठा’ ठरते, आणि प्रत्यक्ष श्रम ‘घरची अडचण’ ठरते. या मुलाला स्काऊटच्या तासाला थांबता येत नाही म्हणून त्याचे नाव पथकातून गळते, आणि शेवटी त्याच्याविषयी शेरा पडतो की त्याला आवड नाही.

येथे गैरसमजाला जागा राहू नये. मुलांना मजुरीला जुंपण्याचे समर्थन समाजवादी माणूस करूच शकत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याने बंदी आहे, घरच्या कामाची मुभाही शाळेची वेळ सोडूनच आहे, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यासही २०१६ च्या दुरुस्तीने मनाई केली. ही बंधने आणखी कडक झाली तरी हवीच आहेत. पण ज्या मुलाला परिस्थितीने श्रम करायला लावले आहेत त्याच्या श्रमाकडे पाठ फिरवायची आणि ज्याला ते करावे लागत नाहीत त्याच्या खोट्या श्रमाला गुण द्यायचे, हा दुहेरी अन्याय आहे.

आणि हा अन्याय साताऱ्याच्या मातीत घडावा याचे विशेष वैषम्य वाटते. उंब्रज ज्या कराड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील काले या गावी १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये ते साताऱ्यास आले, सर्व जातींची मुले त्यांनी एका वसतिगृहात एकत्र ठेवली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. त्या मुलांनी खडी फोडली, शेती केली, स्वयंपाक रांधला, इमारतींसाठी माती वाहिली. त्यांच्या श्रमाची किंमत त्यांचे शिक्षण हीच होती. तेथे श्रम करणारा मुलगा आणि पुढे येणारा मुलगा हे दोन वेगळे मुलगे नव्हते. ज्या भूमीत खऱ्या कमाईची अशी परंपरा आहे, तेथे वडापावच्या दुकानाला ते नाव द्यावे लागते, यात केवळ स्काऊट चळवळीचा नव्हे तर एकूण शिक्षणव्यवस्थेचा पराभव आहे.

पुरस्काराचा खर्च हा दुसरा मुद्दा. गणवेश, स्कार्फ, पट्टा, बूट, नोंदवह्या. मग चाचणी शिबिरांचा प्रवास, शुल्क, शिधा. राज्याचे प्रशिक्षण केंद्र भोरला आहे, राष्ट्रीय केंद्र पचमढीला. ज्या घरात दोन पगार येतात तेथे हा खर्च सहलीच्या खर्चासारखा वाटतो. ज्या घरात आठवड्याच्या मजुरीवर बाजार होतो तेथे तो पालकाच्या मनात उभासुद्धा राहत नाही. मुलगा घरी विचारतही नाही. मुलींच्या बाबतीत पैशाच्या जोडीला मुक्कामाची अडचण येते. गाईडच्या शिबिराला चार रात्री मुलीला पाठवायचे तर बरोबर विश्वासाची शिक्षिका हवी, आणि त्या दिवसांत घरचे काम कोण करील याचे उत्तरही हवे. शिक्षकाचे हालही कमी नाहीत. पथकाची जबाबदारी बहुधा कोणाच्या तरी गळ्यात मारलेली असते. निवडणूक, सर्वेक्षणे, माहिती भरणे यांतून उरलेल्या वेळात त्याने मुलांना रानात न्यावे, अशी अपेक्षा असते. विनाअनुदानित शाळेत ज्याचा स्वतःचा पगार अनिश्चित आहे त्याने सेवेचा आदर्श उभा करावा, हे सांगणे सोपे आहे. तरीही असे काही स्काऊट मास्तर जागोजाग आहेत, पदरमोड करून मुलांना शिबिराला नेतात, आणि चळवळीत जो काही जीव आहे तो त्यांच्यामुळेच आहे.

सर्वांत मागे राहतो तो ऊसतोड कामगारांचा मुलगा. दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून टोळ्या कृष्णाकाठी उतरतात आणि गाळप संपेपर्यंत कोप्यांत राहतात. शाळेचे वर्ष त्या मुलासाठी दोन तुकड्यांत फाटलेले असते. पायरीमागून पायरी चढण्यासाठी एकाच पथकात, एकाच मास्तरांच्या हाताखाली सलग काम हवे; ही अट त्याला कायमची बाद करते. नियमात कोठेही ‘ऊसतोड कामगाराच्या मुलाला प्रवेश नाही’ असे लिहिलेले नाही. वर्गभेदाला असे लिहिण्याची गरज नसते, वेळापत्रक पुरते.

या चळवळीच्या जन्मातच वगळण्याचा संस्कार आहे, हे आता फार थोड्यांच्या स्मरणात आहे. बोअर युद्धात माफेकिंगचा वेढा लढवलेल्या बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राऊनसी बेटावर पहिले शिबिर भरवले. १९०९ पासून भारतात पथके निघाली, पण ती गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना त्यांत स्थान नव्हते. ते मिळवण्यासाठी ॲनी बेझंट आणि अरुंडेल यांना मद्रासेत, तर मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांना अलाहाबादेत स्वतंत्र संघटना काढाव्या लागल्या. पुढे १९३७ च्या सुमारास बेडन-पॉवेल यांनी भारतीयांच्या चारित्र्याविषयी अनुदार उद्गार काढले, त्यावर संताप उसळला आणि हिंदुस्तान स्काऊट असोसिएशन उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर मौलाना आझाद यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने ७ नोव्हेंबर १९५० रोजी या प्रवाहांचे विलीनीकरण झाले. १९५१ मध्ये गाईडही त्यात आल्या. राजनिष्ठेच्या जागी देशनिष्ठा आली. जे ईश्वराचे नाव घेऊ इच्छीत नाहीत त्यांना प्रतिज्ञेत ‘धर्म’ हा शब्द वापरण्याची मुभा मिळाली. रंगभेदाची भिंत पडली. पैशाची भिंत पाडण्याचे काम मात्र कोणी हाती घेतले नाही.

समाजवाद्यांनी १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल नव्या जोमाने उभे केले तेव्हा हा इतिहास त्यांच्या डोळ्यांसमोर होता. एस. एम. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परीक्षा व पदके यांपेक्षा रोजची शाखा, कलापथक आणि श्रमशिबिर यांवर भर दिला. मुलगे आणि मुली एका मैदानावर आणल्या. पुढच्याच वर्षी बेचाळीसचा वणवा पेटला आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारात गावोगावच्या विशी न गाठलेल्या पोरांनी निरोप पोहोचवले, पहारे दिले, भूमिगतांना भाकरी पुरवली. यातील कोणाच्या नोंदवहीवर कोणाची सही नव्हती. अर्थात जुन्या पुण्याईवर आज बोट ठेवता येत नाही. सेवा दलाच्या शाखा एकेका गावातून उठत गेल्या, आणि मोकळ्या झालेल्या मैदानावर दुसऱ्या कोणाच्या शाखा लागल्या. आपण मैदान सोडले, आणि मुलांना उरली ती शाळेने दिलेली गुणांची वाट. तेव्हा त्या वाटेवर नुसती टीका करून भागणार नाही.

गुण आणि नोकरी यांची जोड दिल्यामुळे काय घडते, याचे उत्तर अर्थशास्त्राने पन्नास वर्षांपूर्वीच दिले आहे. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने १९७० मध्ये इंग्लंडातील ऐच्छिक रक्तदान आणि अमेरिकेतील रक्ताची विक्री यांची तुलना केली. रक्ताला भाव आला की देण्याची वृत्ती आटते आणि रक्ताचा दर्जाही खालावतो, असा त्याचा निष्कर्ष होता. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणे बंद झाले, त्यामागेही हाच अनुभव होता. सेवेचे तसेच आहे. गावाचा रस्ता झाडल्याबद्दल गुण मिळू लागले की झाडण्यापेक्षा झाडल्याचे छायाचित्र महत्त्वाचे होते. रोनाल्ड डोर याने १९७६ मध्ये ‘पदवीचा रोग’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहून दाखवून दिले की नोकऱ्या थोड्या आणि उमेदवार फार अशा देशांत प्रमाणपत्र हेच शिक्षणाचे साध्य बनते आणि शिकणे बाजूला पडते. अमेरिकेत ईगल स्काऊट झालेल्या मुलाला सैन्यात वरच्या श्रेणीने भरती होता येते, महाविद्यालयीन प्रवेशाच्या अर्जातही तो किताब मिरवता येतो. तेव्हा हा केवळ आपल्या शिक्षण खात्याचा दोष नव्हे. पण जेथे एकेका गुणावर प्रवेश अडतो, तेथे रोग अधिक जोराने फोफावतो एवढे खरे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कराडच्या खासगी शिकवण्यांना पैसे भरू न शकणाऱ्या मुलाला हे चार गुणच काय ते हाती लागतात. रेल्वेची राखीव जागा हीच त्याच्या घरातली पहिली पगारी नोकरी ठरू शकते. ती शिडी काढून घेण्याचा उपदेश निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनी करू नये. आक्षेप योग्य आहे, फक्त शिडी कोणाच्या हाती आहे ते तपासावे लागते. रेल्वेच्या या जागांसाठी राष्ट्रपती पुरस्कार किंवा हिमालय वुड बॅज लागतो. शिवाय पाच वर्षांचे सक्रिय सदस्यत्व, राष्ट्रीय किंवा अखिल भारतीय रेल्वे पातळीवरच्या दोन आणि राज्य पातळीवरच्या दोन मेळाव्यांतील सहभागही दाखवावा लागतो. पुणे-मिरज लोहमार्ग उंब्रजच्या जवळून, मसूरवरून जातो. पण भूमिहीनाच्या मुलाला चार मेळाव्यांचा प्रवासखर्च कोण देणार? जागा मुळात मोजक्या, आणि त्यांच्यापर्यंत नेणारी प्रत्येक पायरी पैशाने घासलेली. गरिबाच्या नावाने राखलेली आणि ऐपतवाल्याने चढलेली शिडी सहकारी चळवळीत आपण पुरेशी पाहिली आहे.

म्हणून मागणी दुहेरी असली पाहिजे. दहावीच्या गुणपत्रिकेतून हे वाढीव गुण टप्प्याटप्प्याने काढून टाकावेत. पुरस्कार पुरस्कार म्हणूनच राहू द्यावा. रेल्वेतील जागा ठेवायच्या असतील तर तेथवर जाणारा सर्व खर्च, म्हणजे गणवेश, शिबिर, प्रवास, सरकारने उचलावा, आणि तो बक्षीस म्हणून नव्हे तर पाठ्यपुस्तकासारखा हक्क म्हणून. स्थलांतरित मुलांना राज्यात शिक्षण हमी पत्रक दिले जाते. त्यालाच स्काऊटची नोंदवही जोडली तर बीडमध्ये सुरू झालेला सोपान उंब्रजला पुढे चालू शकेल. शिबिरे ऐन गाळपात न घेता मे महिन्यात घ्यावीत. चाचणीसाठी मुलांना दूर नेण्यापेक्षा परीक्षक गावात आणावेत. प्रथमोपचाराची परीक्षा आरोग्य केंद्रातील परिचारिकेने घ्यावी, दोरखंडाच्या गाठींची नदीकाठच्या जाणत्या माणसाने घ्यावी. महामार्गावरच्या अपघाताच्या वेळी काय करावे हे तर तेथील रुग्णवाहिकेच्या चालकाइतके कोणीच शिकवू शकणार नाही. आणि खऱ्या कमाईच्या रकान्यात, मुलाने घरी किंवा रानात जे शिकले आणि केले ते लिहिण्याची मुभा हवी, मात्र शाळेच्या वेळेत ते झालेले नाही एवढी खात्री मास्तरांनी करून घ्यावी. म्हशीची धार काढता येणे हे तंबूची खुंटी ठोकण्यापेक्षा कमी कौशल्याचे काम नाही. ज्याला शंका असेल त्याने एकदा प्रयत्न करून पाहावा.

यातील गुणांचा आणि खर्चाचा प्रश्न मंत्रालयात सुटायचा आहे आणि त्यासाठी निवेदने, शिष्टमंडळे लागतील. बाकीच्या गोष्टींना मुंबईची परवानगी लागत नाही. उंब्रज, मसूर, चाफळ, तारळे या पट्ट्यातील कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढेच विचारावे: गावातील शाळांत स्काऊट-गाईडची पथके आहेत काय, त्यांत मजुरांची मुले किती, मुली किती, गेल्या वर्षी शिबिराला कोण गेले आणि पैसे कोणी भरले. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. मग पंचायतीच्या निधीतून पहिल्या दहा मुलांचे गणवेश शिवायला टाकावेत, आणि त्या दहांत कोपीवरची निदान दोन नावे असावीत.